बाळ डोक्यावर पडलंय, पण वागतंय कसं?

नमस्कार श्रोतेहो.

मूल पलंगावरून पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, "रक्त आलं का?" रक्त आलं असेल तर आरडाओरडा, हळद, धावाधाव. आलं नसेल तर, "काही नाही झालं, देवाची कृपा." खरं म्हणजे डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे लहानशी खोकसुद्धा शर्ट भिजवते. आणि आतली इजा कधीकधी एक थेंबही बाहेर दाखवत नाही. तेव्हा रक्तावरून मोजमाप करू नका. विचारायचं ते वेगळंच: मूल नेहमीसारखं वागतंय का? आज हा प्रश्न मी चार वेळा तरी विचारणार आहे, कंटाळू नका.

डॉक्टर मंडळी इजा किती मोठी हे कसं ठरवतात? १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी एक मोजपट्टी बनवली. आज त्यात डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हातापायाच्या हालचालीला ६. पूर्ण शुद्धीतल्या माणसाला १५, आणि अगदी खाली ३. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे इजा गंभीर. मोठ्यांसाठी झकास. पण त्यात बोलण्याचे गुण द्यायला विचारावं लागतं, "आज कोणता महिना? तुम्ही कुठे आहात?" दहा महिन्यांचं बाळ काय सांगणार! म्हणून बाळांसाठी ती पट्टी बदलून घेतली. बाळ हुंकार देतंय, बडबडतंय तर पूर्ण ५. चिडचिडं रडतंय तर ४. दुखवल्यावरच रडतंय तर ३. म्हणजे पुन्हा तेच, नेहमीसारखं आहे का? आणि नेहमीचं कसं असतं हे डॉक्टरला कुठून कळणार? ते घरच्यांनाच ठाऊक.

आता एका आजीबाईंची गोष्ट सांगतो. माझे विद्यार्थी ती ऐकून ऐकून कंटाळलेत, पण तुम्ही कुठे ऐकलीय!

मी तेव्हा सातारा भागात एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. लग्नसराईचे दिवस. रात्री जेवणाच्या वेळेला एक जीप भरून वऱ्हाड आलं. सव्वा वर्षाचा मुलगा लग्नघराच्या ओट्यावरून खाली फरशीवर पडला होता. ओटा माणसाच्या कमरेएवढा. बरोबर दहाबारा माणसं आणि सगळ्यांचा एकच वाद, पोर कुणाकडे होतं? मावशी म्हणे आत्याकडे, आत्या म्हणे मावशीकडे. मुलाचे वडील फेटा काखेत धरून उभे. आणि पोर? आईच्या कडेवर गप्प. डोळे उघडे. जखम नाही. आल्याआल्या दोन घोट दूधही प्यायलं. सगळे म्हणाले, "बघा की डॉक्टर, रडत पण नाही. उगाच आलो आपण."

आजी मागे बाकावर बसल्या होत्या. त्या उठून पुढं आल्या. "डागदर, रडत न्हाई म्हंजे बरं हाय असं नव्हं. ह्यो रडणारा हाय. पाय घसारला तरी आळी गोळा करतोय."

सुनेनं त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला. आजींनी कनवटीची पानतंबाखूची चंची काढली आणि मला म्हणाल्या, "ही दावली की झडप घालतोय. रोज. मी लपवायची आन् त्यानं वडायची, आमचा खेळच हाय." त्यांनी चंची त्याच्या नाकासमोर धरली. पोरानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर बाजूला घेतली. हात उचलला नाही. आजी पुन्हा हलवून दाखवतात, तोंडानं 'घे घे' करतात. पोर ढिम्म. "बगा," त्या म्हणाल्या, "ह्यो आमचा न्हवं आज."

मी डोकं चाचपलं. कपाळावर टेंगूळ असतं तर फार काळजी नव्हती. पोरांची कपाळं टेंगळांसाठीच असतात. पण उजव्या कानाच्या वर, केसांत, पिकलेल्या आंब्यासारखी मऊ सूज हाताला लागली. ती जागा वाईट. तिथलं हाड पातळ आणि त्याला चिकटून आतून रक्तवाहिनी जाते. हाड तडकलं की ती फाटते आणि हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. सुरुवातीला मूल बरं वाटतं, आणि मग एकाएकी घसरतं.

सीटी स्कॅन तेव्हा मोठ्या गावीच. त्याच जिपनं रवाना केलं, सोबत आमच्या सिस्टर. वाटेत दोन उलट्या झाल्या, पोर झोपाळलं. स्कॅनमध्ये नेमकं तेच निघालं. रात्रीच ऑपरेशन झालं. पुढे मी फोन केला तेव्हा सिस्टर हसत होत्या. म्हणाल्या, "सर, अतिदक्षता विभागात तंबाखू चालत नाही म्हणून म्हातारीनं रिकामी चंची आत नेली. आज पोरानं ओढली!"

बघा, २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांमधली ४२ हजारांवर मुलं. कोणत्या मुलाला सीटी लागत नाही हे ठरवायला तो केलेला. दोन वर्षांखालच्या मुलांत काय बघायचं, तर मूल सुस्त किंवा बिथरलेलं आहे का, कपाळ सोडून दुसरीकडे सूज आहे का, पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध गेली का, तीन फुटांपेक्षा उंचावरून पडलं का, हाडाची चीर हाताला लागते का. आणि सहावी गोष्ट, आईबाप म्हणतात का की हे नेहमीसारखं वागत नाही. आजींनी हे कितीतरी आधी, अंगठा लावणाऱ्या बाईनं, सांगितलं होतं.

यातलं काहीच नसेल तर सीटीचा हट्ट धरू नका. "एकदा काढून टाका, मनाला समाधान" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. लहान मेंदूवर क्ष-किरणांचा मारा समाधानासाठी करायचा नसतो. घरी लक्ष ठेवा. पुन्हापुन्हा उलटी, उठवून न उठणं, आकडीचा झटका, डोळ्याची एक बाहुली मोठी, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, न थांबणारं रडणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. आणि हो, वागणं बदललं तरी. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, मधूनमधून हलकेच उठवून बघा. रात्रभर थापट्या मारून जागं ठेवायची गरज नसते.

जाता जाता एक. ते प्लास्टिकचं चाकांचं वॉकर, ज्यात पोराला बसवून आई स्वयंपाकाला लागते, ते मला अजिबात चालत नाही. कॅनडानं २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली, कारण मुलं त्यासकट जिन्यावरून खाली जायची. आपला लाकडी पांगुळगाडा शहाणा. पोर स्वतः उभं राहून ढकलतं, दमलं की बुड टेकतं. आणि स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोर! चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि पट्टा हवा, वेग ताशी ४० च्या आत, असा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. रस्त्यावर मला तो दिसलेला नाही. असो.

तर तो मुलगा. चौथीत असताना माझ्याकडे पुन्हा आला. गुरुजींची तक्रार, हुशार आहे पण गणित अर्धवट सोडतो, चटकन चिडतो, हाक मारली तरी ओ देत नाही. शाळेत कुणालाच जुन्या ऑपरेशनची गोष्ट सांगितलेली नव्हती. 'लहान होतं, मेंदू कोवळा, भरून निघालं' अशी समजूत. १९३० च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर प्रयोग केले, तेव्हापासून शास्त्रज्ञांतही ती होती. पुढे दिसलं की गंभीर इजेत गोष्ट बरेचदा उलटी असते. कोवळ्या मेंदूला अजून शिकायचं सगळंच बाकी असतं. लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं, आखणी करणं ही कामं वाढत्या वयात मागितली जातात, आणि उणीव तेव्हा उघडी पडते. मात्र साध्या मारातून बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात, त्यांच्या आयांनी रात्रीची झोप घालवू नये.

कानाची तपासणी केली तर उजव्या कानाला कमी ऐकू येत होतं. कानाजवळचं हाड तडकलेलं, तेव्हा आश्चर्य नाही. चिडणं इजेमुळे की स्वभावामुळे, हे मी छातीठोक सांगणार नाही. त्याचे वडीलही काही थंड डोक्याचे नव्हते. गुरुजींनी त्याला पुढच्या बाकावर, डावा कान फळ्याकडे येईल असं बसवलं, एका वेळी एकच काम सांगायचं ठरवलं. घरी त्याच्यावर ओरडायचं नाही हे आजींनी बजावलं. घरचं वातावरण कसं आहे यावरही अशा मुलांचं पुढचं बरंच अवलंबून असतं, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. सहामाहीला गणिताची वही पूर्ण होती.

तुमच्याकडे असं मूल असेल तर डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. पहिलीत घालताना दाखवा, पाचवीला शाळा बदलताना पुन्हा दाखवा. ऐकणं आणि दृष्टी तपासून घ्या. आणि शिक्षकांना विचारत राहा, नेहमीसारखा वागतोय का?

नमस्कार.