ट्युलिपचा देठ का दुमडतो?

नेदरलँड्समधलं काचेचं हरितगृह. फेब्रुवारी महिना. ट्रेमधल्या सुयांवर ट्युलिपचे कंद टोचून उभे केलेत, मुळं खाली पाण्यात. तोडणीला एक-दोन दिवस उरलेत.

हा देठ जवळून पाहा. फुलाच्या जरा खाली एक पट्टा काचेसारखा, पाणी भरल्यागत दिसतोय. त्यावर रसाचा थेंब आलाय. थोड्याच वेळात हा भाग आकसेल, देठ तिथंच दुमडेल आणि फूल उलटं लोंबेल. पाकळ्या मात्र टवटवीतच. डच उत्पादक अशा फुलांना ‘कीपर्स’ म्हणतात. ही बुरशी नाही, जिवाणूही नाही. औषध फवारलं तर पैसे वाया.

कमी पडलंय कॅल्शियम. पेशींच्या भिंती जोडणारं पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट राहतं, पेशीचं नाजूक पटलही तेच सांभाळतं. ते कमी पडलं की पटल झिरपतं आणि रस पेशींमधल्या फटींत उतरतो. तोच हा काचेरी डाग. ट्युलिपच्या कंदात पिष्ट भरपूर, कॅल्शियम तुटपुंजं. पानांत एकदा पोचलेलं कॅल्शियम माघारी फिरून देठात येत नाही. म्हणजे वाढत्या देठाला ते रोज मुळांकडून, पाण्याबरोबरच मिळायला हवं. टोमॅटोचं बूड काळं पडतं, त्यामागंही हीच अडचण.

म्हणून ट्रेच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट घालतात, लिटरला साधारण सव्वा ग्रॅम. पाण्याचा ईसी, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप, 1.5च्या आसपास येतो. आपले द्राक्षबागायतदार ठिबकमधून सोडतात तेच हे खत. याच्या घट्ट द्रावणात फॉस्फेट किंवा सल्फेटची खतं मिसळू नयेत, साका बसतो.

बहुतेकांची चूक पुढं होते. खत घातलं, काम झालं, असं समजून हरितगृह बंद आणि उबदार ठेवतात. तापमान 20 अंशांच्या वर गेलं की देठ भराभर लांबतो, पुरवठा मागं पडतो. हवा दमट असेल तर पानांतून बाष्प जात नाही. मग पाणी वर चढणार कसं, आणि त्यातलं कॅल्शियम तरी? म्हणून 16 ते 18 अंश तापमान राखतात आणि बाहेर थंडी असली तरी झडपा थोड्या उघड्या ठेवून दमट हवा बाहेर काढतात. मुळं तपकिरी पडली असतील किंवा कंद गरजेपेक्षा जास्त आठवडे थंडीत राहिले असतील, तरी धोका वाढतो.

तोडणीला ताठ दिसलेलं फूलही फुलदाणीत दुमडू शकतं, कारण ट्युलिपचा देठ तोडल्यावरही वाढत राहतो. नुसत्या तहानेनं वाकलेलं फूल देठाचं टोक नव्यानं कापून पाण्यात ठेवलं की काही तासांत सावरतं. काचेरी डागावर दुमडलेलं सावरत नाही.