बोट दाखवतो का?

(अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात एका आईने केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

सगळ्या ताईंना नमस्कार. मला भाषण वगैरे येत नाही, सुपरवायझर मॅडम म्हणाल्या तुमच्याकडं जे झालं ते सांगा, म्हणून उभी राहिले.

आमचा मुलगा तेराव्या महिन्यात चालला. हे आधी सांगते, कारण त्या चालण्यानंच आम्हाला फसवलं. पोरगं पळतंय, जेवतंय, वजन चांगलंय, मग शंका कोण घेणार. दीड वर्ष झालं तरी आई नाही बाबा नाही, हाक मारली तर मान वळत नाही, पण टीव्हीवर जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत यायचा, त्यामुळं कान चांगलेच आहेत असं आम्हीच ठरवून टाकलं. सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेला लावलं. नणंद म्हणाली ह्याचा बापच चार वर्षांचा झाल्यावर बोलला (नंतर कळलं अडीच, आमच्या घरात वाढवून सांगायची पद्धत आहे). एका डॉक्टरांकडं गेलो तर दोन मिनिटांत, मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षं होऊ द्या. डॉक्टरांचा नाही, मला माझाच राग येतो, कारण ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की येताना मी पेढे घेतले हो!

मग टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं घ्यायला गेले तेव्हा आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, हा बोट दाखवतो का? म्हटलं दाखवतो की, पाणी पाहिजे असलं की माझा हात धरून माठापर्यंत नेतो. त्या म्हणाल्या, तो तुमचा हात झाला, त्याचं बोट कुठंय? मला काही बोलताच आलं नाही. बोट दोन प्रकारचं असतं ना, एक मागायचं, ते दे म्हणून. आणि एक नुसतं दाखवायचं, ती बघ म्हैस. त्याला म्हैस नको असते, आपण पण बघावं एवढंच पाहिजे असतं. दीड वर्षापर्यंत हे दुसरं बोट यायला पाहिजे, आमच्याकडं ते नव्हतंच, आणि बोलत नाही बोलत नाही करताना कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, पोरं तपासणारी टीम वर्षातून दोनदा तुमच्याकडं येते, 2013 पासूनची योजना, जन्मापासून 18 वर्षांपर्यंत, त्यात विकासातला उशीर पण बघतात. आमच्या गावात तिला दात बघायची गाडी म्हणतात. ताईंनी त्यांच्या कानावर घातलं, चिठ्ठी मिळाली, आणि आम्ही सिव्हिलच्या डीईआयसीला, म्हणजे विकासात मागं पडलेल्या पोरांवर लवकर उपचार करायच्या जिल्ह्याच्या केंद्राला, गेलो.

तिथं पहिली कानाची बेरा टेस्ट. डोक्याला वायरी चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि तो मेंदूकडं पोचतो का ते मशीनवर उमटतं. पोराला काही करायचं नसतं, फक्त झोपलेलं पाहिजे. म्हणून पहाटे चारला उठवला, एसटीत डुलकी लागू नये म्हणून नवरा मोठमोठ्यानं गाणी म्हणतोय, सगळी एसटी आमच्याकडं बघतेय, आणि तिथं पोचल्यावर हा टक्क जागा! दुसऱ्या खेपेला झाली. कान नॉर्मल निघाले. पण टीव्हीला धावतो म्हणजे ऐकू येतं असं धरू नका, थोडं ऐकू येणारं पोरही मोठ्या आवाजाला धावतं.

मग कागदावर आलं ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले. पाच वर्षांखालच्या मुलाला बोलणं, समज, हालचाल अशा दोन किंवा जास्त बाबतीत बराच उशीर असला की तसं लिहितात. मला वाटलं कारण मिळालं, तर हे उशिराचंच इंग्रजी नाव. मला पाहिजे होतं का झालं ते. गरोदरपणात ताप आलेला म्हणून? मोबाईल दिला म्हणून? लशीमुळं? (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवर संशय घेणारा 1998 चा पेपर 2010 मध्ये छापणाऱ्यांनीच मागं घेतला, पण आमच्या भावकीच्या ग्रुपवर अजून फिरतोय.) थायरॉइड बघितलं, रक्त बघितलं, सगळं ठीक. तिथल्या मॅडम म्हणाल्या बऱ्याच मुलांत कारण सापडत नाही, आणि सापडेपर्यंत थेरपी थांबवायची नसते.

थेरपी म्हणजे घरी काय, तर खाऊचा डबा घट्ट लावून त्याच्या हातात द्यायचा आणि तो आपल्याकडं बघेपर्यंत गप्प बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पोर रडतंय आणि सासूबाई समोर बसल्यात, तेव्हा करून बघा.

आता साडेतीनचा आहे. सहा-सात शब्द येतात, बोट आलंय, मागायचं पक्कं, दाखवायचं कधीमधी. पुढं काय ते माहीत नाही. पण ताई, तुमच्याकडं कुणी आई आली तर तिला बोलेल गं म्हणू नका, घरातला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणायला सांगा, दवाखान्यात पोरं वेगळीच वागतात. माझे सगळे व्हिडिओ मोबाईलमध्ये आहेत, चहाच्या सुट्टीत दाखवते, फक्त आवाज बंद करून बघा, मागं सासूबाई मला बोलतायत.