पहिला आणि तिसरा शनिवार

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल, शनिवार सकाळ. कुटुंब न्यायालयाची इमारत बाहेरून. रिक्षातून उतरणारी माणसं, हातात खाऊच्या पिशव्या.)

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी न्यायालयाला सुट्टी. त्यामुळे इथे होणाऱ्या भेटी बहुतेक पहिल्या नाहीतर तिसऱ्या शनिवारी ठरतात. आत मुलांसाठी वेगळी जागा राखून ठेवलेली आहे. ज्या आईकडे किंवा वडिलांकडे मूल राहत नाही, ते तिथे येऊन आपल्याच मुलाला ठरलेल्या वेळेपुरतं भेटतात.

आपला कॅमेरा मात्र आत जाणार नाही. नवरा-बायकोपैकी एकाने जरी मागणी केली, तरी कुटुंब न्यायालयाचं कामकाज बंद दाराआड चालतं. मुलांच्या बाबतीत तर ते तसंच चालावं. म्हणून या फिल्ममध्ये एकाही मुलाचा चेहरा दिसणार नाही. पुढे जी मुलगी येईल, तीसुद्धा आपण 'समजा' म्हणून धरलेली आहे.

समजा, ती सात वर्षांची आहे. आई ठाण्याला, आजी-आजोबांबरोबर. बाबा पुण्याला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. घटस्फोटाचा दावा चालू आहे.

(दृश्य: वकिलाच्या टेबलावर दोऱ्याने बांधलेल्या फायली. एक हात पानं उलटतोय.)

मूल कुणाकडे राहणार, म्हणजे ताब्याचा कायदा शोधायला निघालं की माणूस थेट 1890 सालात पोहोचतो. इंग्रजांच्या काळातला पालक व पाल्य अधिनियम आजही लागू आहे, कुठल्याही धर्माच्या माणसाला त्याखाली अर्ज करता येतो. हिंदूंसाठी त्याच्या जोडीला 1956 चा कायदा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा 'सामान्यतः' आईकडे असावा, असं तो म्हणतो. मोबाईलवर फुकट सल्ले वाटणारे हे 'सामान्यतः' खुशाल गाळतात, आणि 'पाचपर्यंत आईचं, मग बापाचं' असा नियम ठोकून देतात. असा नियम कुठेही नाही. मुलाचं हित कशात आहे ते न्यायालयाने बघायचं, आणि त्यापुढे आईचा हक्क, बापाचा हक्क, दोन्ही दुय्यम. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हे आणि खेळणीही नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच सांगून ठेवलंय.

आणि मूल आईकडे राहिलं म्हणजे कागदोपत्री पालक आईच झाली, असंही नाही. ताबा वेगळा, पालकत्व वेगळं: ताबा म्हणजे मूल कुणाजवळ राहतं ते, पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने सही कुणाची चालते ते. 1984 साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. पती-पत्नीचं या बाबतीत एकमत होतं, भांडण कसलंच नव्हतं. तरी बँकेने वडिलांची सही मागितली. हरिहरन न्यायालयात गेल्या, आणि निकाल यायला 1999 साल उजाडलं. वडील हयात असले तरी ते मुलाकडे बघत नसतील, किंवा दोघांनी आपसात तसं ठरवलं असेल, तर आईसुद्धा नैसर्गिक पालक, म्हणजे कुणी न नेमता कायद्यानेच मानलेली पालक, ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं.

आता परत आपल्या मुलीकडे.

(दृश्य: पुणे, शिवाजीनगर. कुटुंब न्यायालयाबाहेरची वर्दळ.)

महाराष्ट्रात कुटुंब न्यायालयं आली 1989 साली, पुण्यात आणि मुंबईत. इथे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. प्रत्यक्षात वकील असतातच. पण दोघांना समोरासमोर बसवून तडजोडीचा प्रयत्न आधी करायचा, हे कायद्यानेच सांगितलंय, आणि ते काम पडतं समुपदेशकाकडे. समुपदेशक मुलीशीही बोलतात. कधी न्यायाधीश तिला चेंबरमध्ये बोलावून विचारतात. मूल समजून-उमजून सांगण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते. त्यासाठी वयाचा आकडा कायद्याने दिलेला नाही.

सात वर्षांची मुलगी काय सांगणार? तिला एक गोष्ट तोवर चांगली कळलेली असते. ठाण्याला परतल्यावर प्रश्न येतो, "बाबांकडे काय जेवलीस?" पावभाजी खाल्लेली असते, मजा आलेली असते. उत्तर येतं, "काही विशेष नाही." पुण्याला विचारतात, "आजी काही बोलते का माझ्याबद्दल?" तिथेही उत्तर तेच, "काही विशेष नाही." हे तिला कुणी शिकवलेलं नसतं.

(दृश्य: टंकलिखित कागद, जवळून. नावांवर काळी पट्टी.)

अखेर अंतरिम अर्जावर, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या सोयीसाठी केलेल्या अर्जावर, आदेश होतो. महिन्यातून दोन शनिवार-रविवार बाबांकडे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या. वाढदिवसाला दोन तास. आठवड्यातून ठरावीक दिवशी व्हिडिओ कॉल. वाचताना वाटतं, झालं की सगळं.

पण अर्धी दिवाळी म्हणजे कुठली अर्धी? लक्ष्मीपूजन ठाण्याला झालं तर भाऊबीज पुण्याला, आणि तिचा मामेभाऊ ठाण्याला ओवाळून घ्यायला पाटावर बसलेला. सुट्टी कधीपासून मोजायची, शेवटच्या पेपरपासून की शाळेच्या पत्रकातल्या तारखेपासून? महिन्यात पाच शनिवार आले तर पाचवा कुणाचा? मुलीला आणायचं कुठून: घराच्या दारातून, सोसायटीच्या गेटवरून, की दोघांनी मधे लोणावळ्याला भेटायचं? ताप आला तर गेलेला दिवस भरून मिळतो का? चष्मा, औषध, सोमवारी द्यायचा शाळेचा प्रोजेक्ट, हे पिशवीत घालायचं कुणी?

मला विचाराल तर ताब्याच्या भांडणातली निम्मी भांडणं इथली आहेत. 'उभयतांच्या सोयीने' असं आदेशात आलं की समजावं, दोघं परत येणार. ज्यांची सोय एकमेकांशी जुळली असती ते इथवर आले नसते. जाणते वकील म्हणूनच संमतीच्या अटी, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, लिहिताना कंटाळा येईपर्यंत बारीक लिहितात. वेळ, जागा, कोण सोडणार, उशीर झाला तर किती मिनिटं थांबायचं. तसं लिहिलेलं नसलं, की एक शनिवार बुडतो, मग दुसरा, आणि मग आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त, म्हणजे नवा अर्ज, पडते. दरखास्तीवर समोरच्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, येतो, त्यावर तारीख पडते. तोवर मुलगी दुसरीतून तिसरीत गेलेली असते.

(दृश्य: स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. पडद्यावर कुणी नाही.)

जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं, की ज्या पालकाकडे मूल राहत नाही त्याला प्रत्यक्ष भेटीबरोबर फोन आणि व्हिडिओ कॉलवरूनही मुलाशी संपर्क मिळावा. दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली, आणि कित्येक घरांत भेटीचा तो एवढाच मार्ग उरला. कॉल लागतो, पण फोन कुणाच्या हातात आहे, आवाज स्पीकरवर आहे का, बाजूला कोण बसलंय, यावर मूल काय बोलणार ते ठरतं.

मूल परदेशात असेल तर गुंता निराळाच. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्यासाठी 1980 चा हेग करार आहे. भारत त्यात सामील नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या न्यायालयाचा आदेश घेऊन कुणी पुण्यात उतरलं, तर तो आदेश इथे डोळे मिटून लागू होत नाही. त्याचा विचार होतो, पण मुलाचं हित इथलं न्यायालय स्वतः तपासतं.

(दृश्य: ठाण्यातलं एक मैदान. दुरून, नेटमध्ये सराव करणाऱ्या मुली.)

कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने 2015 साली आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे मूल दोघांकडे वाटून राहण्याची, शिफारस केली. कायदा काही अजून बदललेला नाही, पण दोघं राजी असतील तर न्यायालयं तसे आदेश करतात. आठवड्याची अशी वाटणी कागदावर गोड दिसते. पण अशा वाटणीला दोन्ही घरं एकाच शहरात लागतात, आणि शाळा दोन्हीकडून गाठता यावी लागते. ठाणे-पुणे असेल तर तो विषय तिथेच संपतो.

आणि ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. आपली मुलगी आता बारा वर्षांची आहे असं धरू. शनिवार-रविवार सकाळी तिचं क्रिकेट असतं, आणि तिला पुण्याला जायचं नाहीये. बाबा म्हणतात, आईने तिला फितवलं. आई म्हणते, तिलाच विचारा. समुपदेशक तिला विचारतात. तिला बाबा हवे असतात, फक्त सामना असलेला शनिवार नको असतो.

दोघं मिळून पुरसीस, म्हणजे काय ठरलं ते सांगणारं लेखी निवेदन, न्यायालयात देतात. सामना असेल त्या शनिवारी बाबांनी ठाण्याला यायचं, मैदानावरूनच तिला घ्यायचं आणि रविवारी सायंकाळी सात वाजता सोसायटीच्या गेटवर सोडायचं. सगळं बारीक लिहिलंय, पाचव्या शनिवारासकट. किटबॅग कुणी उचलायची, तेवढं राहिलंय.