कापलेला अर्धा तास

नमस्कार मंडळी. सुरुवातीला एक विचारतो, 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' थिएटरमध्ये कोणी कोणी बघितलाय? बरेच हात वर आहेत. आणि त्याची अल्टिमेट एडिशन, ती तीन तासांची, ती कोणी पूर्ण बघितलीये? हं, निम्म्याहून जास्त हात खाली गेले. मला आज याच खाली गेलेल्या हातांशी बोलायचंय, आणि जे अजून वर आहेत त्यांच्याशीही, कारण या दोन गटांचं भांडण मी २०१६ पासून ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एका बाजूने मीही भरपूर भांडलोय.

माझा आत्तेभाऊ आणि मी, आम्ही दोघांनी तो रिलीजच्या आठवड्यातच बघितला. २५ मार्च २०१६ ला आला होता, होळी नुकतीच झाली होती, हाताच्या नखांत अजून रंग होता. ट्रेलर आम्हाला पाठ. सिनेमा सुरू झाला, पहिली पंधरा-वीस मिनिटं आम्ही हललो नाही, ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, धुळीच्या लोटात उलटा धावत जातो तो सीन आजही कुठलाही लावा, मी उभा राहून बघेन. पण मध्यावर सिनेटमधला स्फोट झाला, सगळीकडे आग आणि आगीच्या मधोमध सुपरमॅन नुसता उभा, चेहरा पडलेला, आणि पुढच्या क्षणी तो गायब. माझ्या भावाने कानाशी येऊन विचारलं, "दादा, हा नुसता उभा का आहे? कुणाला उचलत का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये आम्ही अर्धा तास भांडलो, तो म्हणाला ज्याला माणसं वाचवायची पडलेली नाही तो सुपरमॅनच नाही, मी म्हणालो तुला कळलं नाही. तुला कळलं नाही हे फार वाईट वाक्य आहे, पण त्याकडे नंतर येतो.

थिएटरमध्ये आला तो कट, म्हणजे कापून जोडलेली आवृत्ती, १५१ मिनिटांचा. जूनच्या शेवटी डिजिटलवर आणि जुलैमध्ये ब्लू-रेवर आली ती अल्टिमेट एडिशन, १८२ मिनिटांची. आता अर्धा तास जास्त म्हटलं की लोकांना वाटतं अजून मारामारी असेल, अजून पडझड असेल. तसं नाहीये. थोडं रक्त वाढलंय, अमेरिकेत रेटिंग पीजी-१३ वरून आर, म्हणजे मोठ्यांसाठीचं, झालं, हे खरं. पण जे खरोखर परत आलंय ते म्हणजे कारणं. कोणी काय केलं आणि का केलं. म्हणजे थिएटरसाठी कापताना मारामाऱ्या ठेवल्या, आणि त्या ज्यामुळे होतात ते कापलं. मला हे तेव्हा कळलं तेव्हा खरंच राग आला होता.

एकेक बघू. सुरुवातीला आफ्रिकेतल्या वाळवंटात लोइस, सुपरमॅनची बातमीदार प्रेयसी, मुलाखत घ्यायला जाते, तिथे गोळीबार होतो, सुपरमॅन येऊन तिला सोडवतो, आणि पुढे अमेरिकेत चौकशी लागते की सुपरमॅनमुळे माणसं मेली. थिएटरमध्ये मला प्रश्न पडला होता की अरे, माणसं तर गोळ्यांनी मेली ना, सुपरमॅन बंदूक कशाला वापरेल? लांब कटमध्ये दिसतं की खलनायक ल्युथरची भाडोत्री माणसं प्रेतं जाळतात, आगीचा फवारा मारून, म्हणजे ते सुपरमॅनच्या डोळ्यांतल्या उष्णतेने झाल्यासारखं वाटावं. बस. काही सेकंदांचा शॉट आहे, पण तो काढला की अख्खी चौकशी निरर्थक वाटते. पुढे जी बाई सिनेटसमोर साक्ष देते तिचंही तसंच, लांब कटमध्ये ती येऊन चौकशी चालवणाऱ्या सिनेटर फिंचला सांगते की मी खोटं बोलले, मला धमकावून बोलायला लावलं, आणि मग तिला ट्रेनसमोर ढकलून मारतात. थिएटरमध्ये ती साक्ष देते आणि तिचं पुढे काय झालं कुणी विचारतच नाही.

क्लार्क केंटचं, म्हणजे रोजच्या कपड्यांतल्या सुपरमॅनचं, तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. थिएटर कटमध्ये क्लार्क बॅटमॅनवर का चिडलाय हे नीट कळतच नाही, एडिटरशी वाद घालतो आणि अचानक दुसऱ्या शहरातल्या माणसाच्या मागे लागतो. लांब कटमध्ये तो रिपोर्टरचं काम करतो हो! गॉथमला, बॅटमॅनच्या शहरात, जातो, वस्तीतल्या लोकांशी बोलतो, ज्या कैद्याला बॅटमॅनने तापलेल्या चिन्हाने डागलं होतं त्याच्या बायकोसारख्या असलेल्या मैत्रिणीला भेटतो, आणि तो कैदी तुरुंगात मारला जातो तेही ल्युथरच्या माणसाने ठरवून घडवलेलं असतं. म्हणजे एकीकडे ब्रूसला भडकवायचं, दुसरीकडे क्लार्कला भडकवायचं, दोघांनाही वाटतं आपण आपल्या मनाने निघालोय. हा सगळा डाव अर्ध्या तासात बसलेला होता. कीर्तनात पूर्वरंग गाळून बुवा थेट उत्तररंगावर आले तर आख्यान कळतं, पण ते आत्ता का सांगितलं हे कळत नाही, तसं झालं होतं ते.

आणि आता तो सिनेटचा सीन. व्हीलचेअरवर बसलेला माणूस आत येतो, वॉलेस कीफ, मेट्रोपोलिसच्या, म्हणजे सुपरमॅनच्या शहराच्या, पडझडीत त्याचे पाय गेलेले, सुपरमॅनवर त्याचा राग. त्याच्या खुर्चीत बॉम्ब आहे हे त्यालाच माहीत नाही. लांब कटमध्ये लोइस त्याच्या घरी जाते आणि तिला फ्रिजमध्ये नुकताच भरलेला किराणा दिसतो. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणजे बघा ना, मरायला निघालेला माणूस आठवड्याचा बाजार करत नाही, एवढं एका बातमीदार बाईला फ्रिज उघडून कळतं. मग तपासात निघतं की खुर्ची आतून शिशाची होती. शिसं म्हणजे सुपरमॅनला ज्यातून आरपार दिसत नाही ती एकच गोष्ट.

आता थिएटर कटमध्येसुद्धा एक संवाद आहे, स्फोटानंतर सुपरमॅन लोइसला बाल्कनीत सांगतो की मी तिथेच उभा होतो आणि मला दिसलं नाही, कदाचित मी बघतच नव्हतो म्हणून. शिशाचं माहीत नसेल तर हा एका बेफिकीर माणसाचा कबुलीजबाब वाटतो. माहीत असेल तर काळजात कळ येते, कारण त्याला दिसूच शकत नव्हतं आणि तरी तो स्वतःला दोष देतोय. संवाद एकच, शब्दही तेच, आणि माणूस पूर्ण बदलतो.

आणि स्फोटानंतर लगेच, लांब कटमध्ये, सुपरमॅन जखमी बाईला उचलून बाहेर आणतो, मदतीला आलेल्या लोकांकडे देतो, आजूबाजूचे लोक त्याच्याकडे बघत राहतात, आणि मग तो उडून जातो. माझ्या भावाने पार्किंगमध्ये जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर शूट झालेलं होतं. ते हार्ड डिस्कवर पडून होतं. मी तो भाग पहिल्यांदा बघितला तेव्हा पॉज केला आणि त्याला फोन लावला.

आता इथे आपल्या बाजूचे, म्हणजे लांब कटवाले, जिंकल्यासारखं करतात, आणि मला तिथे थांबायचंय. भाऊ आला, आम्ही दोघांनी तीन तास बसून पूर्ण बघितली, जखमी बाईचा सीन आला तेव्हा तो म्हणाला, "हे का काढलं रे? हेच तर हवं होतं." आणि सिनेमा संपल्यावर म्हणाला, "आधीपेक्षा खूप चांगला आहे, पण दादा, मला नाही आवडला." मी वैतागलो. त्याने शांतपणे सांगितलं की बॅटमॅन माणसं मारतो ते दोन्हीकडे आहे, सुपरमॅन जवळजवळ हसतच नाही ते दोन्हीकडे आहे, 'मार्था' हे दोघांच्याही आईचं नाव ऐकून भांडण थांबतं तो सीन दोन्हीकडे तसाच आहे, शेवटची डूम्सडे राक्षसाची लढाई दोन्हीकडे तेवढीच लांब आहे. आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे! ३१ मिनिटांनी कथेची गाठ सुटते, पण सिनेमाचा स्वभाव बदलत नाही. ज्याचं भांडण स्वभावाशी आहे त्याला तुम्ही "अल्टिमेट एडिशन बघ" म्हणून गप्प करू शकत नाही, ते उत्तरच नाही त्याच्या प्रश्नाचं. मला स्वतःला तो स्वभाव आवडतो, तो जडपणा, ती देव मानायचं की घाबरायचं ही घालमेल, मला ते मनापासून आवडतं, पण ही माझी आवड झाली, पुरावा नाही.

अजून एक त्याचं म्हणणं होतं जे मला तेव्हा झोंबलं. तो म्हणाला, "मला जेवायला बोलावलं, पानात नुसता भात वाढला, आणि तीन महिन्यांनी आमटीचा डबा पाठवला, तोही पैसे घेऊन. वर तुम्ही म्हणता जेवण मस्तच होतं." यावर काय बोलणार? लांब आवृत्ती येणार हे सिनेमा रिलीज होण्याआधी, फेब्रुवारीतच जाहीर झालं होतं. म्हणजे तिकीट काढणाऱ्याला पूर्ण सिनेमा मिळत नाहीये हे ठरलेलं होतं. पहिल्या वीकेंडला अमेरिकेत १६ कोटी ६० लाख डॉलर आले आणि दुसऱ्या वीकेंडला कमाई ६९ टक्क्यांनी घसरली. ते लोक मूर्ख नव्हते. त्यांनी जो दाखवला तो बघितला आणि घरी जाऊन शेजाऱ्यांना खरं काय ते सांगितलं.

कापतात का, तर साधा हिशोब आहे. एका स्क्रीनवर दिवसाला पाच शो धरा, प्रत्येकात अर्धा तास वाढला की अडीच तास गेले, म्हणजे एक शो गेला. आपल्याकडे त्यात इंटरव्हल आणि जाहिराती. हे मी समजू शकतो. डेव्हिड ब्रेनरसारखा एडिटर होता त्या सिनेमावर, त्याला काय कापलं तर काय तुटेल हे कळत नसेल असं मी मानत नाही. पण मोठ्या लढाईतली दहा मिनिटं का नाही कापली, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

हे काही पहिल्यांदा झालं नाही. २००३ चा 'डेअरडेव्हिल' थिएटरमध्ये १०३ मिनिटांचा होता, पुढच्या वर्षी १३३ मिनिटांचा डिरेक्टर्स कट, म्हणजे दिग्दर्शकाच्या मनासारखा, आला, आणि त्यात एक पूर्ण खटला परत आला, म्हणजे हिरो वकील आहे हे निदान दिसलं तरी! पण लांब म्हणजे चांगला असा नियम करू नका. 'सुपरमॅन २' बघा. दिग्दर्शक रिचर्ड डॉनरने पहिल्या भागाबरोबरच त्याचं बरंचसं शूट केलं होतं, त्याला मधेच काढलं, रिचर्ड लेस्टरने पूर्ण केला. चाहते वर्षानुवर्षं मागणी करत राहिले आणि २००६ मध्ये डॉनरचा कट आला, तोपर्यंत सुपरमॅन झालेला ख्रिस्तोफर रीव्ह जाऊन दोन वर्षं झाली होती. एक महत्त्वाचा सीन शूटच झाला नव्हता तर तिथे रीव्ह आणि लोइस झालेल्या मार्गो किडरची जुनी स्क्रीन टेस्ट वापरलीये, केस वेगळे, अंगाने वेगळा, आणि तरी तो सीन जिवंत आहे. तो कट मूळ सिनेमापेक्षा लहान आहे, १२७ ची ११६ मिनिटं झाली. तेव्हा प्रश्न मिनिटांचा नाही, कुणाच्या डोक्यात सिनेमा कसा होता याचा आहे.

'जस्टिस लीग'बद्दल विचारणार हे माहीत होतं मला. थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये झॅक स्नायडरची, म्हणजे या दोन्ही सिनेमांच्या दिग्दर्शकाची, मुलगी गेली, तो सिनेमा सोडून घरी गेला, दुसरा दिग्दर्शक जॉस व्हीडनने रीशूट करून दोन तासांचा केला, आणि १८ मार्च २०२१ ला स्नायडरचा चार तासांचा आला, २४२ मिनिटं. ते दोन वेगळे सिनेमे आहेत, एकाच सिनेमाचे दोन कट म्हणणं मला पटत नाही. स्नायडरचा कट यावा म्हणून जी मागणी चालली होती त्यात चाहत्यांनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला लाखो डॉलर जमवून दिले, त्याचा मला खूप अभिमान आहे. आणि त्याच गर्दीतले काही लोक समीक्षकांना, दुसऱ्या चाहत्यांना शिव्या देत सुटले होते, त्याची मला लाज वाटते. पण त्या विजयाने एक सवय लागली, प्रत्येक फसलेल्या सिनेमामागे कपाटात एक चांगला लांब कट दडलेला आहे असं मानायची. नसतो हो बऱ्याचदा. कधी कधी सिनेमा लिहितानाच फसलेला असतो, आणि त्यात अर्धा तास घातला तर फसलेला अर्धा तास वाढतो.

म्हणून भांडताना आधी एवढं विचारा की समोरच्याची तक्रार कुठली आहे. "हा असं का वागला ते कळलं नाही" अशी असेल तर त्याला बसवा आणि लांब कट दाखवा, अगदी आग्रहाने दाखवा. "कळलं, पण आवडलं नाही" अशी असेल तर तो तुमच्याइतकाच बघून बोलतोय. मी त्या दिवशी पार्किंगमध्ये तुला कळलं नाही म्हणालो, तेव्हा त्याला सगळं कळलं होतं, जेवढं पडद्यावर होतं तेवढं सगळं. मी नंतर त्याला सॉरी म्हणालो. तो आज आलाय, तिकडे मागे खांबाला टेकून उभा आहे, आणि मला माहितीये चहाच्या वेळी 'मार्था'वरून तो परत सुरू करणार आहे.

नवीन बघणाऱ्याने कुठला बघायचा, असं एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय, मुलगा चौदा वर्षांचा आहे म्हणतात. ताई, लांबच दाखवा, पण आधी तुम्ही बघून घ्या, त्यात मारामारी जास्त रक्ताची आहे. आणि दोन बैठकांत बघा, घाई नाही.

आता जरा पुढचे दिवे बंद करता का? सिनेटचा सीन लावतोय, आधी थिएटरमधला, मग लांब कटमधला. आवाज मुद्दाम थोडा मोठा ठेवलाय. दुसऱ्या वेळी आगीनंतर त्याच्या हातांकडे बघा.