बाथ ते बाथशेबा: रूळ गेले, वाट राहिली

(सुरूचं बन. वारा. लाटांचा आवाज.)

सुरूची झाडं बघून कोकणात आल्यासारखं वाटेल, पण समोर अटलांटिक आहे. बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे बाथ. समुद्र उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत राहायचं, की रमतगमत दोन-अडीच तासांत बाथशेबा.

(पायवाट, जवळून.)

वाट बघा. फारसा चढ नाही, आणि वळण येतं तेही सावकाश. पायांनी पडलेली वाट इतकी सरळ वागत नाही. ही आगगाडीची वाट आहे.

राजधानी ब्रिजटाऊनहून निघालेले रूळ १८८३ पर्यंत बाथशेबाच्याही पुढे, पार बेलप्लेनला पोचले. २४ मैल. साखर बंदरावर न्यायची, हे मुख्य काम, माणसंही बसायची. बाथच्या अलीकडे, कॉन्सेटजवळ खडक फोडून काढलेल्या उभ्या चढावर इंजिनाला धाप लागे. तेव्हा पहिल्या वर्गाने बसून राहायचं, दुसऱ्याने उतरून चालायचं आणि तिसऱ्याने गाडी ढकलायची, असं अजून सांगतात. गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेल, पण तिकिटांची वर्गवारी नेमकी कळते.

(गवतातलं लोखंड.)

हा तुकडा कशाचा, कोण जाणे. बोट लावलं की पापुद्रा सुटतो. खाऱ्या तुषारांनी रूळही असेच खाल्ले. १८९८ मध्ये साडेतीन फुटी रूळ काढून अडीच फुटी टाकले. सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. नाव ओळखीचं वाटलं? १८९७ मध्ये सुरू झालेली आपली बार्शी लाइट रेल्वे त्यांचीच. तिचीही रुंदी अडीच फूटच. बार्शीच्या गाडीची ही चुलतबहीण अटलांटिकच्या काठाने धावत होती!

१९३७ मध्ये गाडी बंद झाली, आणि काही ठिकाणी समुद्राने वाटही गिळली.

(मार्टिन्स बे. होड्या. पुढे टेंट बे.)

बार्बाडोसमध्ये वाळू सगळ्यांची, हॉटेलवाल्याची नाही. पण पश्चिमेला हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या रांगेतून वाळूपर्यंत जायची बोळ शोधावी लागते. इथे शोधायला काही नाही. रुळांनी सोडलेली जागा आहे, पायांना पुरते.

(बाथशेबा. दुरून, मग जवळून.)

आणि हे खडक. प्रवाळाच्या चुनखडीचे. लाटांनी बुंधे कोरून काढलेत, माथ्यावर झुडपं तशीच. पलीकडे सूप बोल, तिथली लाट सर्फिंगवाल्यांची. बाकीच्यांनी तिच्या वाटेला जायचं नाही, ओढ फार आहे. त्यांच्यासाठी खडकांमधली ही डबकी, कमरेइतकी.

लाट बाहेर फुटते, फेस आत येतो. पाण्यात बसलेल्या या बाई मान वळवूनही बघत नाहीत.