परळीच्या धुराड्याचा जमाखर्च

मंडळी, परळीच्या औष्णिक केंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी इथं अंबाजोगाईत बसलेल्या बहुतेकांनी पाहिली असेल. फाटक पडल्यावर करायला दुसरं काही नसतं, म्हणून तिचे डबेही मोजले असतील. अशी एक गाडी ढोबळमानानं चार हजार टन कोळसा आणते. वीज तयार करणारा २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला, तर एवढा कोळसा जवळपास एका दिवसात फस्त करतो. मागं राहते तेरा-चौदाशे टन राख. मग बाकीचा कोळसा गेला कुठं?

"धूर झाला," असं मागून कुणीतरी म्हणालं. बरोबर. पण त्या धुराचं वजन किती? चार हजारांतून राख वजा करून सव्वीसशे सांगाल, तर फसाल. धुराड्यातून एकट्या कार्बन डायऑक्साइडचंच वजन साडेपाच हजार टनांहून अधिक निघतं. म्हणजे आलेल्या कोळशापेक्षा जास्त! या कोळशात कार्बन धरा चाळीस टक्के. दर १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. हवेतून चार हजार टनांहून जास्त ऑक्सिजन आत आला. त्याची ना पावती, ना वॅगन, म्हणून तो आपल्या हिशेबात आलाच नाही.

या हवेनं रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञालाही चकवलं. सतराव्या शतकात त्यानं बंद काचपात्रात कथील तापवलं. मग पात्राचं तोंड फोडलं, हवा सूंऽ करत आत शिरली, आणि त्यानंतर वजन केलं. ते वाढलेलं दिसलं. बॉइलनं निष्कर्ष काढला, की अग्नीचे कण काचेतून आत आले. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १७७४ साली तोच प्रयोग केला, पण तोंड फोडण्याआधी पात्र तोललं. वजन जिथल्या तिथं. तोंड फोडल्यावर मात्र वाढलं, म्हणजे ते वजन आत शिरलेल्या हवेचं. फरक काय, तर आधी काय करायचं आणि नंतर काय. आपल्या शाळांत 'वस्तुमान निर्माण होत नाही, नष्ट होत नाही' हे वाक्य पोरं घडाघडा म्हणतात, पण भांडं बंद होतं का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते तो प्रश्न आला नाही तर वाक्य पाठ असून उपयोग शून्य.

आता ऊर्जा. 'कोळशात ऊर्जा असते' असं आपण बोलतो. ते अर्धंच खरं आहे. अणूंना जोडून ठेवणारे बंध तुटले की ऊर्जा मिळते, हा समज तर सपशेल चुकीचा. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. १२ ग्रॅम कार्बनचे अणू सुटे करायला ७१७ किलोजूल आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजनच्या जोड्या फोडायला ४९८, असा १२१५ किलोजूलचा खर्च. त्या अणूंचे नवे बंध जुळून कार्बन डायऑक्साइड तयार होताना १६०८ परत मिळतात. हातात पडले ३९३. चूल पेटवताना आधी काडी ओढावी लागते, ती या खर्चाची सुरुवात करायला. पुढचा खर्च जाळ स्वतःच भागवतो.

मग 'ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग' या आईनस्टाईनच्या १९०५ च्या सूत्राचं काय? ऊर्जा बाहेर गेली तर वस्तुमान घटायला हवं. घटतंच. लांडोल्ट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं बर्लिनमध्ये वर्षानुवर्षं अतिसूक्ष्म तराजूवर रासायनिक अभिक्रिया तोलल्या. १९०९ पर्यंत त्याला खात्रीलायक फरक सापडला नाही. सापडणार कसा? ३९३ किलोजूलला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गानं भागा. ४४ ग्रॅमांत घट येते ग्रॅमच्या साधारण चार-साडेचार अब्जांश भागाइतकी. आपल्या संचाचा दिवसभराचा हिशेब केला, तर चार हजार टन कोळशामागं सगळी मिळून घट पाऊण ग्रॅमच्याही आत.

इथं एक बारीक गंमत आहे. ही घट जळण्यामुळं होत नाही, उष्णता निघून गेल्यामुळं होते. उष्णता अजिबात बाहेर पडू न देणाऱ्या पेटीत कोळसा आणि ऑक्सिजन जाळला, तर जळण्याआधी आणि नंतर पेटीचं वजन तंतोतंत सारखं भरेल. पेटी न उघडता तिची उष्णता बाहेर जाऊ द्या, तेव्हा ते वजन चिमूटभराहून कितीतरी कमी घटेल. वस्तुमानाची वही आणि ऊर्जेची वही वेगळी नाही, वही एकच.

त्या वहीतलं शेवटचं पान आपल्या भागाचं. कोळशाच्या उष्णतेतून वीज होते एक तृतीयांशाच्या आसपास. उरलेली नष्ट होत नाही, म्हणून ती कुठंतरी टाकावीच लागते. थोडी धुराड्यातून जाते, बरीचशी कुलिंग टॉवरमध्ये, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यात, पाण्याची वाफ करून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोजूल लागतात. त्या हिशेबानं आपल्या संचाला रोज दहा-बारा हजार टन पाणी हवेत सोडावं लागतं. कोळशाच्या एका गाडीमागं पाण्याच्या जवळजवळ तीन गाड्या. परळीचं हे पाणी येतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. २०१५ च्या दुष्काळात ते मिळेना, आणि केंद्र बंद ठेवावं लागलं.