81 रेघा

(काळोख. ट्यूबलाइट दोनदा फडफडतो, मग लागतो.)

पहाटेचे पाच. सदाशिव पेठ. रस्त्यावर अजून स्कूटर नाही, इमारतीचा पंप सुरू झालेला नाही. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या ऐकायला काकांना रोज एवढाच तास मिळतो.

घरभर एलईडी दिवे आहेत. फक्त या खोलीत जुन्या चोकचा ट्यूबलाइट, आणि तोही उजेडासाठी नाही. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर हा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्यांना ते कळत नाही. टर्नटेबलवर ठेवलेल्या या कागदी चकतीवर मात्र दिसतं. तिच्यावर 77 काळ्या रेघा आहेत. चकती फिरत असूनही रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या, की वेग मिनिटाला 78 फेरे. रेघा पुढे पळाल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी.

बघा. थांबल्या.

(थाळी उचलली जाते. आतला दांडा.)

हे स्वित्झर्लंडच्या लेंको कंपनीचं एल-75. थाळी जवळपास 4 किलोंची. खाली मोटरचा दांडा आहे, तो एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. रबरी चाक त्या दांड्यावर जिथे टेकेल तसा वेग बदलतो. बाहेरची ही कळ सरकवली, की चाक आत सरकतं. बाकीच्या बहुतेक टर्नटेबलांना 33, 45, 78 असे ठरलेले टप्पे असतात. इथे मधला कुठलाही वेग मिळतो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

(अंगण. पारिजातक.)

पारिजातकाखाली अर्थिंगचा खड्डा आहे. कोळसा, मीठ, मध्ये पाइप. स्पीकरमधून बारीक घूं येत होती, ती तानपुऱ्याच्या खर्जात मिसळायची. म्हणून हा खड्डा. सोसायटीचं पत्र आलं होतं, ते प्रकरण मिटलं.

(जुना बाजार. रविवारची गर्दी.)

ही तबकडी इथली. मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो. कुलपं, नळ, पंख्यांची पाती, आणि त्यांच्या खाली कधीतरी एखादा ठेवा. लेबल घासलेलं आहे. तबकडी लाखेची, म्हणून धुताना अल्कोहोल चालत नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. काका खाचांच्या दिशेने गोल गोल फिरवतात, कधीच आडवं नाही. मग सुई बदलायची. 78 ची खाच रुंद, तिला नंतरच्या 33 फेऱ्यांच्या एलपी तबकडीच्या सुईपेक्षा जवळजवळ तिप्पट जाड सुई लागते. सुईचा तबकडीवर भार 3 ते 4 ग्रॅम. कर्णेवाल्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारा डबा, याच तबकडीवर शंभराहून जास्त ग्रॅमचा भार टाकायचा.

ही खोली आधी मुलीची होती. स्पीकर भिंतीपासून लांब हवेत, म्हणून तिचं टेबल बाहेर गेलं. फरशीवरच्या या चिकटपट्ट्या स्पीकरच्या जागा आहेत. झाडताना काकू त्यांना वळसा घालतात.

(तबकडी सुरू होते.)

सगळं जुळलंय. रेघा स्थिर, घूं नाही, दोन्ही स्पीकरच्या मधोमध गाणाऱ्या बाई उभ्या आहेत असं वाटतंय. आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो:

«अहो, पट्टी चढलीय. बाईंचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा कशाला असेल?»

काका चकतीकडे बोट दाखवतात. 78 म्हणजे 78.

काकू पेटी शिकलेल्या आहेत, चकतीकडे त्या बघतही नाहीत. त्या काळातल्या बऱ्याच तबकड्यांच्या शेवटी गाणारी व्यक्ती स्वतःचं नाव सांगते. काकू तेवढंच ऐकायला मागतात. ऐकलंत? दहा वर्षांची पोर बोलतेय. काकू पेटीवर सा धरतात आणि म्हणतात, हळूहळू खाली आणा.

(कळ सरकते. आवाज भरतो.)

आणखी थोडं. आणखी.

«बास. इथे.»

आता नाव सांगणारी बाई मोठी झाली. रेघा मागे पळताहेत. काकांचा चेहरा बघा.

झालं असं, की विजेवरचं रेकॉर्डिंग येण्याआधी, म्हणजे 1925 च्या आधी, सगळेच तबकड्या 78 फेऱ्यांवर कापत नसत. कुणी 74 वर, कुणी 80 वर, त्या दिवशीच्या यंत्राला जमेल तसं. 74 ची तबकडी 78 वर लावली, तर स्वर जवळजवळ एका पट्टीने वर जातो. खर्चाचं म्हणाल, तर काकांनी यात स्कूटरची किंमत घातलीय. काकूंची पेटी माहेरची.

गेल्या वर्षी किती तबकड्या पूर्ण ऐकल्या, हे आम्ही काकांना कॅमेऱ्यासमोर विचारलं. ते कपाटाकडे बघत राहिले. तो शॉट ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी काका झेरॉक्सवाल्याकडून नवी चकती छापून घेऊन आले. तिच्यावर 81 रेघा आहेत. 81 रेघा थांबल्या, म्हणजे 74 फेरे.

आज पहिल्यांदा काकू खुर्चीवर बसल्यात, बरोबर मध्ये. काका मागे उभे.

पुढची तीन मिनिटं आम्ही बोलणार नाही.

(तबकडी पूर्ण वाजते. बाई आपलं नाव सांगतात. सुई शेवटच्या खाचेत खरखरत राहते. काकांचा हात सुई तपासायच्या टॉर्चकडे जातो.)